आकड्याआधीची अक्षरे: शके, सु॥, सं., इ. स. आणि बीसीई

प्रश्न असा आहे: "नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात पणजोबांच्या पेटीत मोडी कागद सापडले. लिप्यंतर करून घेतले, तर कुठे 'शके', कुठे 'सु॥', कुठे नुसते 'सन', एका ठिकाणी 'छ' असे आहे. मुलीच्या मराठी पुस्तकात इ. स. पू. आहे आणि इंग्रजी पुस्तकात बीसीई, सीई. या सगळ्यांचा अर्थ काय, आणि एकाचे वर्ष दुसऱ्यात कसे आणायचे?"

तुमच्या पेटीपासूनच सुरुवात करतो, पाठ्यपुस्तकाकडे नंतर येऊ.

आधी एक विनंती. लिप्यंतरात जी अक्षरे आली आहेत ती जशीच्या तशी राहू द्या. गेली तीस वर्षे मी नागपूर आणि वऱ्हाडातल्या घरांमधले मोडी कागद वाचतो आहे. मूळ शक खोडून त्यावर कोणीतरी पेन्सिलीने इंग्रजी वर्ष लिहिलेले दिसले की जीव तुटतो. ते वर्ष चुकले असेल तर मागे जायला वाटच उरत नाही. आकडा फक्त किती ते सांगतो. मोजणी कुठून सुरू झाली, वर्ष कोणत्या दिवशी पालटते, ते चंद्रावर चालते की सूर्यावर, हे सगळे त्याच्या आधीच्या अक्षरात असते. ते अक्षर कळल्याशिवाय बेरीज-वजाबाकीला हात लावू नका.

'शके' हा शब्द म्हणजे संस्कृत 'शक' ची सप्तमी. 'शके १५९६' याचा अर्थच 'शकाच्या १५९६ मध्ये' असा होतो, त्यामुळे 'शके १५९६ मध्ये' असे लिहिताना 'मध्ये' दोनदा येते. मराठीत ते रुळले आहे आणि मी त्याला चूक म्हणणार नाही, पण शब्दाचे घर ठाऊक असावे. इंग्रजी पुस्तकांतल्या एडीची घडणही अशीच आहे. लॅटिन 'अ‍ॅनो डॉमिनी' म्हणजे 'प्रभूच्या वर्षी'. 'अ‍ॅनो' या रूपातच तो 'मध्ये' आहे. शालिवाहनाचे नाव या शकाला कित्येक शतकांनंतर जोडले गेले. जुन्या कोरीव लेखांत 'शकनृपकाल' असे शब्द येतात.

या गणनेचा आरंभ इ. स. ७८ चा. आपल्याकडे वर्ष पाडव्याला पालटते, इंग्रजी वर्ष १ जानेवारीला. म्हणून पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला ७८ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंतच्या तिथीला ७९. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ चा. ७८ मिळवले की १६७४. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ चा. इथे ७८ मिळवले तर १६२९ येते, आणि ते चुकीचे आहे; ७९ मिळवून १६३० हेच बरोबर. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष महिना मात्र ७८ आणि ७९ यांच्या मध्ये सापडतात, कारण पौषाचा काही भाग डिसेंबरात जातो, काही जानेवारीत. अशी तिथी आली की जंत्री, म्हणजे तिथी आणि इंग्रजी तारखा शेजारी देणारे कोष्टक, उघडल्याशिवाय वर्ष लिहू नका.

ही ७८-७९ ची गोष्ट मी चूक करून शिकलो. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घरातले दत्तकपत्र माझ्याकडे आले होते. पतीचे निधन कार्तिकात, विधवेने दत्तक घेतला माघात, आणि दोन्ही कागदांवर एकच शक, शके १७६०. मी दोन्हीकडे सरसकट ७८ मिळवले आणि दोन्हीकडे १८३८ लिहून दिले. कार्तिक बरोबर होता, नोव्हेंबर १८३८. माघ मात्र फेब्रुवारी १८३९ चा होता. माझ्या कागदानुसार त्या बाईने पती हयात असतानाच विधवा म्हणून दत्तक घेतला होता. घरात आधीच दोन तट होते; त्यांतल्या एकाने 'दत्तकपत्रच बनावट' असे म्हणायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी चूक माझ्या लक्षात आली, मी दोन्हीकडच्या लोकांना भेटून ती सांगितली, दुरुस्त करून दिली. तरी त्या पंधरा दिवसांत घरात जे बोलले गेले ते मला परत घेता आले नाही. तेव्हापासून महिना वाचल्याशिवाय मी वर्ष वाचत नाही.

शकाचा आकडा पुसट असेल तर संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे, नाव शोधा. बहुतेक कागदांत 'अमुकनाम संवत्सरे' असे असते आणि त्यावरून ताळा करता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव पहिला, विभव दुसरा, शुक्ल तिसरा, असे करत क्षय साठावा. बाकी शून्य उरली तर क्षय. राज्याभिषेकाचा शक घ्या: १५९६ आणि १२ मिळून १६०८, ६० ने भागून बाकी ४८. अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद, आणि राज्याभिषेकाचे संवत्सर आनंदनामच आहे. शिवजन्माच्या १५५१ ला बाकी ३ उरते, म्हणजे शुक्लनाम, तेही जुळते. कोपरा फाटलेल्या कागदांत या ताळ्याने मला अनेकदा हात दिला आहे. नर्मदेच्या उत्तरेला संवत्सरांचे चक्र वेगळे चालते, तेव्हा तिकडच्या कागदाला हा हिशेब लावू नका. दक्षिणेकडच्या काही लेखांत शकाचे पुरे झालेले वर्ष न धरता चालू वर्ष धरलेले असते. आकडा आणि संवत्सर यांत नेमका एकाचा फरक पडला तर आधी तीच शंका घ्या.

सरकारी राजपत्रावर जो शक दिसतो तो मात्र वेगळा. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशीनुसार भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली; तो दिवस १ चैत्र १८७९. महिन्यांची नावे तीच, पण हे महिने सौर आहेत. त्यांत तिथी नाही, अधिक मास नाही, आणि वर्ष २२ मार्चला पालटते, इंग्रजी लीप वर्षात २१ मार्चला. पाडवा त्याच दिवशी असेलच असे नाही. आकडा बहुतेक वर्षभर सारखाच दिसतो म्हणून दोन्हींची सरमिसळ होते.

आता 'सु॥'. मोडीत शब्द तोडून लिहिला की पुढे दोन दंड देत. मुक्कामाचा मु॥, शुद्धचा शु॥, तसाच हा सुहूर सनाचा सु॥. काही जण त्याला अरबी सन म्हणतात, काही मृगसाल, कारण तो मृग नक्षत्राला, पेरणीच्या तोंडावर पालटतो. दख्खनमध्ये १४ व्या शतकात तो चालू झाला आणि मराठ्यांच्या दफ्तरांत अखेरपर्यंत टिकला. त्याचा आकडा अंकांत क्वचित असतो, तो अरबी शब्दांत येतो आणि एककापासून उलटा चढत जातो. 'समान खमसैन मया व अलफ' म्हणजे आठ, पन्नास, शंभर आणि हजार: ११५८. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवा, त्यापुढे पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे वर्ष १७५७-५८. 'समान' हा आठ आहे हे विसरून त्याला मराठीतला 'समान' समजणारे लिप्यंतर मी पाहिले आहे. तुमच्या लिप्यंतरात तसे काही झाले नाही ना, बघा. आणखी एक: आजच्या कोशांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत 'सु.' म्हणजे 'सुमारे'. 'इ. स. सु. ४५०' मधला सु. आणि तुमच्या कागदावरचा सु॥ यांचा काही संबंध नाही.

'छ' दिसला की पुढे चांद्र तारीख येते असे समजा, बहुधा मुसलमानी महिन्याची: 'छ ५ रजब'. तिथून हिजरी सन लागतो. त्याची सुरुवात इ. स. ६२२ ची, आणि त्याचे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. अधिक मास नसल्याने ते ऋतूंतून मागे सरकत जाते, ३२ सौर वर्षांत सुमारे ३३ हिजरी वर्षे बसतात. म्हणून हिजरीला कोणताही ठरलेला आकडा मिळवून चालत नाही. कोणी 'हिजरीत ५७९ मिळवा' असे सांगितले तर ते आजच्या आसपासच्या वर्षांपुरते खरे असेल, पणजोबांच्या काळाला ते लागू नाही. शिवाय तिकडे दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे एका दिवसाचा फरकही पडू शकतो. इथेही जंत्रीच हवी.

नुसते 'सन' हे सगळ्यांत फसवे. 'सन' हा अरबी शब्द, अर्थ फक्त 'वर्ष'. पुढे अरबी संख्याशब्द असतील तर सुहूर. एकोणिसाव्या शतकातल्या महसुली कागदावर 'सन १२५०' असा आकडा असेल तर तो बहुधा फसली, म्हणजे पिकाचे वर्ष. फसलीही दोन. अकबराच्या वेळच्या उत्तरेकडच्या फसलीला ५९२ किंवा ५९३ मिळवायचे, शहाजहानच्या काळातल्या दख्खनी फसलीला ५९० किंवा ५९१. तोच १२५० एकीकडे १८४२-४३ होतो, दुसरीकडे १८४०-४१. कागद निजामाच्या अमलातल्या वऱ्हाडातला असेल तर दख्खनी फसली आधी तपासा. नागपूरकडचा असेल तर त्याच कागदावर शके किंवा हिजरी कुठे आहे का ते पाहून ठरवा. दोन फसलींतली निवड अंदाजाने करू नका, जमिनीच्या हक्काचा कागद असेल तर तर नाहीच.

हे सगळे एका दिवसावर घालून दाखवतो. पानिपतचे युद्ध पौष शुद्ध ८, शके १६८२, विक्रमनाम संवत्सरे, बुधवारी झाले. जानेवारीतली तिथी, म्हणून ७९: १४ जानेवारी १७६१. त्या दिवशी सुहूर सन ११६१ चालू होता, शब्दांत 'इहिदे सितैन मया व अलफ'. हिजरी ११७४. दख्खनी फसली ११७०, उत्तरेकडची ११६८. विक्रम संवत १८१७. आणि राज्याभिषेकापासून मोजला जाणारा राज्याभिषेक शक ८७. दिवस एक, सूर्य एकदाच उगवला, आणि आठ-नऊ आकडे. नागपूरच्या भोसल्यांच्या काळातल्या एकाच कागदावर यांतले दोन-तीन सहज सापडतात, आणि ते एकमेकांशी जुळतात का हे पाहणे हीच कागदाची पहिली परीक्षा.

नागपूरच्या इतवारीतल्या जुन्या पेढ्यांच्या वह्यांवर 'सं.' किंवा 'वि. सं.' असते, म्हणजे विक्रम संवत. त्यातून ५७ किंवा ५६ वजा करायचे. उत्तरेकडे तो चैत्रात पालटतो, गुजरातेत दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध प्रतिपदेला. पेढी कोणाची आहे त्यावर हे ठरते. जैन मंडळींच्या कागदांवर वीर निर्वाण संवत येतो. विक्रम संवतात ४७० मिळवले की तो मिळतो.

'सं' हे अक्षर मात्र पेढ्यांपेक्षा फार जुने आहे. शिलालेखांत आणि ताम्रपटांत 'संवत्सर' तोडून 'संवत्' किंवा नुसते 'सं' कोरत. शुक्ल पक्षाचा दिवस तो 'शु दि', बहुल पक्षाचा 'ब दि'; त्यातूनच उत्तरेकडचे सुदी आणि बदी आले. पण कोरलेला 'सं' दिसला की तो विक्रम संवतच, असे समजू नका. आपल्या विदर्भातल्या वाकाटक राजांचे ताम्रपट याचे उत्तम उदाहरण. दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मकच्या ताम्रपटावर वर्ष १८ आहे. ते कोणत्याही शकाचे वर्ष नाही, त्या राजाच्या कारकिर्दीचे अठरावे वर्ष आहे. राजा गादीवर कधी बसला हे बाहेरून कळल्याशिवाय त्या १८ ला जागा नाही. म्हणूनच वाशीम जिल्ह्यातल्या हिस्सेबोराळ्याच्या शिलालेखाचे मोल इतके मोठे. वाकाटक देवसेनाच्या काळातल्या त्या लेखावर शक ३८० कोरलेला आहे, म्हणजे इ. स. ४५८ च्या आसपास. त्या एका आकड्यामुळे वाकाटकांच्या वत्सगुल्म (वाशीम) शाखेच्या राजांचा कालक्रम धरायला खुंटी मिळाली. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख एकत्र संपादित केले ते १९६३ मध्ये, आणि त्याआधी १९५५ मध्ये कलचुरी-चेदि संवताचे. तो संवत इ. स. २४८-४९ च्या सुमारास सुरू होतो, त्रिपुरी आणि रतनपूरच्या राजांनी तो वापरला. म्हणजे पूर्व विदर्भाच्या शेजारीच तिसरा एक 'सं' उभा आहे. नागपूर संग्रहालय प्रशस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परमार राजा नरवर्म्याच्या शिलालेखातला ११६१ मात्र विक्रमाचा: इ. स. ११०४-०५. हाच आकडा कोणी शक समजला तर लेख १३५ वर्षे पुढे ढकलला जाईल, थेट यादवांच्या काळात.

आता मुलीच्या पुस्तकांकडे. इ. स. म्हणजे इसवी सन. 'इसवी' हा शब्द 'ईसा' वरून, येशूच्या अरबी नावावरून आला, आणि 'सन' अरबी आहेच. म्हणजे आपला इ. स. आणि इंग्रजी एडी यांचा अर्थ जवळजवळ एकच. इ. स. पू. म्हणजे इसवी सनापूर्वी. इंग्रजी बीसी म्हणजे ख्रिस्तापूर्वी. जुन्या मराठी पुस्तकांत यालाच ख्रि. पू. म्हटलेले सापडेल. ही गणना डायोनिसियस एक्झिग्युअस नावाच्या भिक्षूने ५२५ मध्ये ईस्टरचे कोष्टक करताना मांडली. त्याचा हिशेब थोडा चुकला असावा, कारण ज्याच्या राज्यात येशूचा जन्म सांगितला जातो तो हेरोद राजा बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. पू. ४ मध्येच वारला. सीई आणि बीसीई म्हणजे कॉमन एरा, सामान्य युग, आणि त्यापूर्वीचे. आकडे तेच, आरंभही तोच. बीसीई ३०० आणि इ. स. पू. ३०० यांत एका दिवसाचाही फरक नाही. धर्माचे नाव टाळून सर्वांना वापरता यावे म्हणून अभ्यासकांनी ते स्वीकारले. मराठीत काही जण सामान्य युग लिहू लागले आहेत. माझे मत विचाराल तर इ. स. वाचकाला क्षणात कळते, ते ठेवावे. ज्यांना सामान्य युग लिहायचे आहे त्यांनी पहिल्या वेळी शब्द पूर्ण लिहावा, तोडलेली अक्षरे थेट वाचकापुढे ठेवू नयेत.

मुलीला दोन गोष्टी नक्की सांगा. इ. स. पू. चे आकडे उलटे चालतात: ५०० आधी, ४०० नंतर. आणि मध्ये शून्य वर्ष नाही. इ. स. पू. १ संपले की इ. स. १ सुरू. त्यामुळे दोन्ही बाजूंची बेरीज केली की एक वजा करावा लागतो. याचे उदाहरण आपल्या गावातच आहे. श्रीलंकेच्या परंपरेत बुद्धाचे महापरिनिर्वाण इ. स. पू. ५४४ चे. २५०० वी बुद्धजयंती मे १९५६ मध्ये साजरी झाली आणि त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. ५४४ आणि १९५६ मिळून २५०० होतात, पण शून्य वर्ष नसल्याने मधली पुरी वर्षे २४९९ भरतात. म्हणजे ते चालू २५०० वे वर्ष होते. थायलंडमध्ये २५०० हा आकडा १९५७ मध्ये आला, कारण तिथे इसवी सनाशी अंतर ५४४ ऐवजी ५४३ धरतात. लग्नपत्रिकेवर बुद्ध संवत लिहिताना हे एका वर्षाचे अंतर लक्षात ठेवा.

मुलगी पुढे पुरातत्त्वाची पुस्तके वाचू लागली तर तिला बीपी भेटेल. नागपूरजवळ काटोल रस्त्यावर जुनापाणीची शिळावर्तुळे आहेत. अशा महापाषाणीय, म्हणजे मोठ्या दगडांच्या रचना असलेल्या, जागांच्या अहवालांत कार्बन-१४ च्या तारखा बीपीमध्ये देतात. बीपी म्हणजे वर्तमानापूर्वी, आणि हे 'वर्तमान' १९५० ला गोठवलेले आहे. २५०० बीपी म्हणजे सुमारे इ. स. पू. ५५०. घाईत तेच इ. स. पू. २५०० लिहिले की तिथली लोखंड वापरणारी माणसे थेट हडप्पाच्या काळात जाऊन बसतात. अहवालात तारीख अंशांकित, म्हणजे खऱ्या वर्षांशी जुळवून दुरुस्त केलेली, आहे की नाही हेही तिने पाहावे.

तुमच्या पेटीत कंपनीच्या इंग्रजी पत्रांचे उतारे असतील तर इतके पाहा: इंग्रज १७५२ पर्यंत ज्युलियन दिनांक वापरत. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा त्या जुन्या पद्धतीचा. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तो १६ जून होतो. पानिपतचा १४ जानेवारी ग्रेगोरियनच आहे.

नोंद करताना मूळ ओळ आधी लिहा, तिथी, महिना, संवत्सर आणि अक्षरांसह: 'पौष शु॥ ८ शके १६८२ विक्रमनाम संवत्सरे'. त्याखाली वेगळ्या शाईत इ. स. चा दिनांक, आणि तो जंत्रीतून काढला की नुसत्या बेरजेने, हे कंसात. 'सु॥' पुढचे अरबी शब्द आणि 'छ' पुढचा महिना मला जसेच्या तसे लिहून कळवा, सोबत मूळ कागदाचा फोटोही असू द्या. त्या कागदावर शके असेल तर तीन्ही एकत्र ताडून पाहू.